नवरदेव, पंच्याण्णव किलो गूळ आणि खाणीतला नाथ

आमच्या दिगूची लग्नानंतरची पहिली सहल खडीच्या खाणीत झाली. लोक नव्या नवरीला घेऊन महाबळेश्वरला जातात, घोड्यावर बसून फोटो काढतात. आमच्या गाडीत नवरा, नवरी, नवऱ्याची आई, नवऱ्याची मावशी, मावशीचा नवरा आणि पंच्याण्णव किलो गूळ होता. मावशी म्हणजे मी. तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलं नसेल, आणि आता जाऊन उपयोगही नाही, कारण मी सांगतेय ती टेकडी आता शिल्लक नाही. म्हणून हे लिहायला बसले.

कराड

दिगू म्हणजे दिग्विजय, माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, एकुलता एक मुलगा. आज तो दारातून आत आला की खोली भरल्यासारखी वाटते. पण एकतीस वर्षांपूर्वी तो सातव्या महिन्यात जन्माला आला, एक किलो दोनशे ग्रॅमचा. काचेच्या पेटीत ठेवलेलं ते लालभडक पोर बघून डॉक्टरांनी अक्काला धीर दिला नव्हता आणि खोटंही सांगितलं नव्हतं. तेव्हा अक्कानं आपल्या सासरच्या देवाला, माळावरच्या नाथाला, हात जोडले: "ह्याला जगव. बायको घेऊन तुझ्या टेकडीवर आला की ह्याच्या वजनाएवढा गूळ घालीन."

त्या वेळी एवढं बोलणं म्हणजे सव्वा किलोचा मामला होता. नाथानं पोराला जगवलं, आणि मग हात आखडता घ्यायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही.

लग्न झालं आणि पंधरा दिवसांनी गावाकडून बिरू अण्णांचा फोन आला. हे अक्काच्या भावकीतले. त्यांच्या घराकडं नाथाची पूजा, आणि पोटासाठी टेकडीवर निघालेल्या दगडाच्या खाणीत राखणीचं काम. म्हणजे एकाच टेकडीला ते सकाळी फुलं वाहतात आणि दिवसभर ती कमी होताना बघतात.

"वैनी, नवस फेडायचा आसंल तर शनिवारी एकच्या आत या," अण्णा म्हणाले. "एकच्या सुरुंगात नाथाकडं जायची वाट जानार. त्याच्या आदी नाथाला उचलून रस्त्याकडंच्या नव्या देवळात."

"नव्या देवळात फेडला तर?" मी विचारलं.

"नवस बोलताना टेकडीवर म्हनले व्हते," अक्का म्हणाली. झालं, विषय संपला.

आमचे हे सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी मोहीम हाती घेतली. दिगूला दवाखान्याच्या काट्यावर उभं केलं: चौऱ्याण्णव. मग दहा-दहा किलोचे गुळाचे नऊ रवे, म्हणजे ढेपी, आणि पाच किलोचा एक, असे पंच्याण्णव किलो आणले. एक किलो देवाच्या समाधानासाठी जादा. रवे गाडीच्या सगळ्यांत मागच्या सीटवर मांडले आणि त्यांना सीटबेल्ट लावले. मला आजतागायत बेल्टची आठवण स्वतःहून न करणारा हा माणूस!

निघताना अक्कानं एकच नियम सांगितला. वजन होईपर्यंत दिगूनं बेतानं खायचं.

"बेतानं म्हणजे?" दिगूनं घाबरून विचारलं.

"म्हंजी मी सांगंन तवा."

दिगूची बायको पूर्वा सांगलीची, औषधांच्या दुकानात बसणारी, मापात बोलणारी मुलगी. तिनं माझ्याकडं बघून भुवई नुसती उडवली. त्या क्षणी मला ती आवडली.

वडूज

आटपाडीकडं सरळ विट्यावरून जायचं सोडून आम्ही वडूजला वळलो, कारण सुभेदारांच्या पलटणीतले एक हवालदार तिथं राहतात आणि त्यांच्याकडं मुक्काम न करता पुढं जाणं म्हणजे शिस्तभंग. ऊस मागे पडत गेला, माळ मोठा होत गेला, आणि आभाळालाही जास्त जागा मिळाल्यासारखी वाटू लागली.

कृष्णाकाठी आम्ही पाण्याला उदार आणि आग्रहाला बेताचे. जेवला का, बरं, बसा. वडूजकडं उलटं. तिथं पाणी जपून वापरतात, पण आग्रह असा करतात की धरणाचे दरवाजे उघडल्यासारखं वाटावं. नवा जावई समजून त्यांनी दिगूसाठी बोकड पाडला होता. तो जावई नाही, त्यांच्या मित्राच्या बायकोचा भाचा आहे, हे सांगूनही फरक पडला नाही.

ताटं आली. दिगूच्या ताटात भाकरी, रस्सा, वर तांबडा तेलाचा तवंग. अक्कानं हात पुढं करून ताट आपल्याकडं ओढलं आणि त्यातून अर्धी भाकरी आणि चमचाभर रस्सा परत दिला.

"आवं अक्का, पोरगं हाय का पाखरू?" हवालदारीणबाई ओरडल्या.

"नवस हाय."

"कसला, उपाशी मारायचा?"

दिगू अर्धी भाकरी चावून चावून खात होता. शेजारी सुभेदार नळी फोडत होते. ते दृश्य मला बघवलं नाही. माझा स्वभावच तसा. शाळेच्या गॅदरिंगची नाटकं बसवण्यात माझी पंचवीस वर्षं गेली, आणि पडद्यामागून उपाशी नटाला वडापाव पोचवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

सकाळी अक्का अंघोळीला गेली तेवढ्यात मी स्वयंपाकघरात शिरले. हवालदारीणबाईंनी न बोलता दोन भाकरींत मटण गुंडाळून दिलं. दिगूनं ते गोठ्यामागं उभ्या उभ्या संपवलं. म्हैस त्याच्याकडं बघत होती, तिच्यावर माझा पूर्ण भरवसा होता.

इथवर गुन्हा किरकोळ होता. खरा गुन्हा गाडीत घडला. माझ्या पर्समध्ये भाजलेले शेंगदाणे होते. शेंगदाणे आले की माणसाला गूळ आठवतो. आणि माझ्या पाठीमागं, हाताच्या अंतरावर, बेल्ट लावून गूळ बसला होता. मी पाच किलोच्या रव्याचा बोराएवढा खडा मोडला आणि दिगूच्या हातावर ठेवला.

दोन मिनिटांनी पूर्वा माझ्या कानाशी लागली, "मावशी, मलापण."

पुढं मग लिंबाएवढे खडे निघू लागले. अक्का समोरच्या सीटवर बसून एकेक गाव ओळखत होती, "ही बघ चिंच, इथं माझ्या सासऱ्यांची मेंढरं बसायची," आणि मागं आम्ही तिघं तोंड न उघडता चावत होतो. सासरे एका वर्षी मेंढरं घेऊन कृष्णाकाठी आले आणि परत गेलेच नाहीत, ही गोष्ट ती सांगत होती. मध्येच ती वळली, "दिग्या, ऐकतोयस न्हवं?"

"उं," दिगू म्हणाला. त्याला तेवढंच म्हणता येत होतं.

आटपाडीच्या अलीकडे पोचलो तेव्हा पाच किलोचा रवा अर्धा राहिला होता. मी त्याची मोडकी बाजू सीटकडं वळवून ठेवली. बाहेरून अगदी शाबूत दिसत होता. हिशेबात एक चूक होती, ती माझ्या ध्यानात आली नाही. तुमच्या आली असेल.

खाण

डाळिंबाच्या बागा संपल्या आणि झाडं पांढरी दिसायला लागली. बाभळी, बोरी, विजेचे खांब, रस्त्याकडंचं कुत्रंसुद्धा पीठ लावल्यासारखं. अक्का काचेला नाक लावून टेकडी शोधत होती. समोर सपाट माळ होता. तिचा चेहरा उतरत चालला. सुभेदारांनी गाडी थांबवून एका सायकलवाल्याला विचारलं.

"टेकडीवर नाथाला जायचंय व्हय?" तो म्हणाला. "मग सरळ जावा आन खाली उतरा."

आम्ही गेलो, आणि माळ एकाएकी संपला. कुणीतरी पायऱ्यांची विहीर खणायला सांगितली असावी आणि थांब म्हणायचं विसरून गेलं असावं, तसा तो खड्डा होता. काळ्या दगडाच्या घराएवढ्या उंचीच्या पायऱ्या गोल फिरत खाली गेलेल्या. तळाशी हिरवं पाणी. डंपर ज्वारीच्या कणसावरच्या किड्यासारखे सरकत होते. आणि या सगळ्याच्या मधोमध, टेकडीचा न कापलेला गाभा खांबासारखा उभा. वर एक लिंब, भगवं निशाण आणि शेंदूर लावलेला नाथ. सगळी टेकडी गेली होती, फक्त देवाच्या बुडाखालची तेवढी राहिली होती. काठावरून त्याच्याकडं जायला दगडाचा एक अरुंद बांध ठेवला होता. त्या बांधात भोकं पाडून दारू भरलेली. एक वाजता तोच उडणार होता.

"आगं बया," अक्का म्हणाली. "नाथ हाय तितंच हाय की. जगच खाली गेलंय."

बिरू अण्णा धावत आले. अंगात खाकी शर्ट, कपाळाला भंडारा. त्यांच्यामागं खाणीचा मॅनेजर, हातात सहा पिवळी हेल्मेट.

"हेल्मेटशिवाय आत सोडत नाही. देव असला तरी नियम आहे," मॅनेजर म्हणाला.

दिगूनं फेटा बांधला होता. फेट्यावर हेल्मेट चढेना. शेवटी चढलं, पण टोकाशी, कळसासारखं. सहावं हेल्मेट उरलं तेव्हा सुभेदारांनी ते गुळाच्या रव्यांवर ठेवायला लावलं. "दिगू हेल्मेटसकट तुलेवर बसणार, तर गुळालाही हेल्मेट हवं. दोन्हीकडं सेम."

आता ही गूळतुला कशावर करायची? अण्णांच्या घरचा जुना मोठा तराजू कधीच भंगारात गेला होता. मॅनेजरनं छाती पुढं काढली. "आपला काटा आहे ना! पन्नास टनांचा."

डंपर तोलायच्या त्या लोखंडी फळीवर आमचा दिगू एकटा उभा राहिला, ऑफिसात कारकुनानं कॉम्प्युटर सुरू केला आणि खिडकीतून डोकं काढलं.

"सायेब, हितं तीनच माल येत्यात. खडी, डबर म्हंजी मोटा दगड, आन मुरूम. नवरदेव कशात घालू?"

"डबर घाला," पूर्वा म्हणाली.

काटा दहा-दहा किलोनं सरकणारा, मधले किलो पुढच्या दहात धरणारा. दिगू: शंभर. मग गूळ: शंभर. कारकुनानं टर्रकन पावती फाडली, मॅनेजरनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, जरा जोरातच, कारण मला सुटल्यासारखं झालं होतं.

अक्कानं पावती घेतली, बघितली, घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली. "ह्यो डंपरचा काटा हाय. ह्याला माझं पोरगं काय कळतंय? पारडी पायजेत. नाथाच्या म्होरं. एक खाली, एक वर, डोळ्यांना दिसलं पायजे."

बारा वाजून गेले होते. तेव्हा पोकलेनवर बसलेले हणमंतराव, साठीला आलेला ऑपरेटर, वरूनच म्हणाले, "मी धरतो की तराजू."

आणि त्यांनी धरला. पोकलेनचा तो राक्षसी हात नाथाच्या खांबासमोर आला. बादलीच्या दाताला साखळी, साखळीला मधोमध ड्रिलचा लांब रॉड आडवा, रॉडच्या दोन टोकांना कामगारांच्या झोपायच्या दोन बाजा टांगलेल्या. सुभेदार शिट्टी वाजवून दिशा देत होते, हणमंतराव त्यांच्याकडं अजिबात बघत नव्हते.

"थांबा, आधी रिकामी पारडी सारखी करा," पूर्वा म्हणाली. उजवी बाज हलकी होती. तिनं तिच्यात दोन दगड पासंगाला ठेवले, मागं सरकून एक डोळा मिटून बघितलं आणि मान हलवली. अक्का सुनेकडं बघत राहिली. लग्नात मांडलेल्या भांड्यांकडंही तिनं एवढ्या कौतुकानं बघितलं नव्हतं.

दिगू डाव्या बाजेवर मांडी घालून बसला. उजवीकडं एकेक रवा चढू लागला. तीन, चार, सात. कामगार हातातलं काम सोडून गोळा झाले. नववा रवा गेला. अर्धा रवा मी स्वतःच ठेवला, मोडकी बाजू खाली. वर हेल्मेट. हणमंतरावांनी पोकलेनचा हात वीतभर उचलला.

दिगू जमिनीवरच राहिला. गूळ वर गेला.

"चपला काढ," सुभेदार ओरडले. चपला गेल्या. घड्याळ गेलं, मोबाईल गेला, शेरवानी गेली. हेल्मेटखालचा फेटा सोडवायला दोन माणसं लागली. बनियनवर, हेल्मेट घालून, दिगू तसाच खाली.

तेवढ्यात पहिला भोंगा वाजला. साडेबारा. खाली डंपर वळून वर यायला लागले.

"मावशी," मॅनेजर मला म्हणाला, "दुसऱ्या भोंग्याला माणूस आत ठेवता येत नाही. पंधरा मिनिटं."

मी अक्काकडं बघितलं. ती हेल्मेटखालून गुळाच्या पारड्याकडं एकटक बघत होती. एकतीस वर्षं पोराच्या आजारात, परीक्षेत, नोकरीत, लग्न जमेना तेव्हा, ती एकच म्हणायची: माझं नाथाकडं देणं राहिलंय, तो बघून घेईल. ते देणं तिच्या डोळ्यांदेखत वीतभर कमी पडत होतं.

मी आयुष्यात बरीच नाटकं केलीत. त्या दिवशी मात्र नाटक बाजूला ठेवलं.

"अक्का, गूळ मी दिला त्याला," मी म्हणाले. "अर्धा रवा. त्या पारड्यातला ह्या पारड्यात गेला. वरून सकाळी दोन भाकरी."

"मटनाच्या," दिगू खालमानेनं म्हणाला.

"मी पण खाल्ला गूळ," पूर्वा म्हणाली.

कामगारांत खसखस पिकली आणि लगेच विझली. अक्का माझ्याकडं वळली.

"चावला कसा त्यानं?"

"काय?"

"खडा. कडाकडा चावला, का चघळला?"

"कडाकडा," मी म्हणाले.

अक्का हळूहळू हसायला लागली. मग खांबावरच्या नाथाकडं बघून, हात जोडून, आख्ख्या खाणीला ऐकू जाईल असं म्हणाली, "ऐकलंस का रं नाथा? कापसाचा बोळा चोखायची ताकद न्हवती ह्याला. ही माझी भैन रात्रंदिस पेटीजवळ बसून थेंब-थेंब दूध सोडायची. आज तुझाच गूळ कडाकडा खाऊन तुलाच वर उचलतोय!" आणि लगेच आमच्याकडं, कोरड्या आवाजात, "पण गूळ पुरा पायजे. आनायचा कुठनं?"

हसणं थांबलं. जवळचं दुकान आठ किलोमीटर. तेव्हा बिरू अण्णांनी कपाळावर हात मारला आणि राखणीच्या खोपटाकडं पळाले. परत आले ते पत्र्याचा डबा घेऊन.

खाणीत दिवसभर धूळ घशात जाते, म्हणून तिथं प्रत्येक कामगाराला रोज गुळाचा एक खडा देतात. धूळ गिळली की वर गूळ खायचा, ही तिथली रीत. शनिवारचा गूळ डब्यात होता, अजून वाटायचा होता.

"ह्यो तुमचा हाय," अक्का कामगारांना म्हणाली. "न इचारता घ्यायची सवय माझ्या भैनीला हाय, मला न्हाई."

"घ्या की अक्का," हणमंतराव पोकलेनवरून म्हणाले. "पर आमच्या हातानं घालू द्या."

एकेक जण पुढं आला. धुळीनं पांढरा झालेला हात डब्यात, मग कपाळाला, मग पारड्यात. पारडं खाली यायला लागलं. डबा संपला आणि दोन बोटं राहिली. सगळे इकडंतिकडं बघू लागले. मॅनेजरनं खोकल्यासारखं केलं, खिशातून कागदाची पुडी काढली आणि त्यातला आपला खडा ठेवला. दिगू जमिनीवरून सुटला. बाज तरंगली. रॉड आडवा, सरळ, पाण्याच्या पातळीसारखा.

"फिट्टं!" पूर्वा किंचाळली.

अक्का, दिगू, पूर्वा आणि अण्णा बांधावरून नाथाकडं अक्षरशः पळाले, दारू भरलेल्या भोकांमधून, दिगू बनियनवर. वर अक्कानं गुळाचा खडा ठेवला, दोघांची डोकी नाथापुढं टेकवली, हेल्मेट दगडावर टणकन आपटली. तेवढ्यात दुसरा भोंगा झाला. अण्णांनी नाथाचा तांदळा, तो शेंदराचा दगड, पाटीत घेतला, डोक्यावर ठेवला, आणि सगळ्यांत शेवटी देव स्वतः टेकडी उतरला.

एकच्या ठोक्याला आम्ही सगळे लोखंडी शेडखाली उभे होतो. पाय हलले, मग आवाज आला, मग धूळ. धूळ खाली बसली तेव्हा बांध नव्हता. खांब आणि लिंब तेवढे उभे होते, आणि कुणालाही तिथं आता जाता येणार नव्हतं.

त्या दिवशी नाथाच्या पाटीपुढं मांडलेला सगळा गूळ अक्कानं खाणीतच ठेवला. अण्णा म्हणाले, पावसाळ्यापर्यंत पुरंल. प्रत्येकाला खडा मिळाला, मलाही. मी तो कडाकडा चावला. घसा खरंच मोकळा होतो, करून बघा.

परत कराड

घरी आल्यावर अक्कानं कपाटातून एक डबी काढली. तिच्यात हॉस्पिटलचा जुना कागद, घड्यांवर फाटत आलेला, कापडासारखा मऊ. मुलगा, एक किलो दोनशे ग्रॅम. तिनं कमरेच्या पिशवीतून खाणीची पावती काढून सुनेच्या हातात दिली.

"काय लिवलंय वाच."

पूर्वानं वाचलं, "वाहन: नवरदेव. माल: डबर. वजन: शंभर किलो."

अक्कानं दोन्ही कागद एकावर एक ठेवले, हातानं सपाट केले, घडी घालून डबीत घातले आणि डबी लावली. मग तिनं दिगूकडं नीट बघितलं. तो सोफ्यावर बसला होता, सोफा त्याच्याखाली दिसत नव्हता, आणि वडूजच्या हवालदारीणबाईंनी बांधून दिलेली तिसरी भाकरी त्याच्या हातात होती.

"प्रवासात लय वाळला गं पोरगा," अक्का मला म्हणाली.